रांगेतल्या शेवटच्या माणसालाही बिशपांचे दर्शन मिळाले पाहिजे

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील नागरी व पोलीस यंत्रणा,
आणि अंत्यविधीचे नियोजन करणाऱ्या चर्च समित्या

सप्रेम नमस्कार.

‘कोल्हापुरात अर्धा तास थांबू. मान्यवरांचे दर्शन होऊ दे. बाकीचे लोक मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहतील.’ बिशपांच्या सार्वजनिक अंत्यविधीचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी बोलतेच, आणि बाकीचे माना डोलावतात. आम्हाला आता मान डोलावता येत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला, सर्वांच्या देखत.

हे पत्र कोणा एका बिशपांविषयी नाही. आपल्या सर्व बिशपांना, सेवेत असलेल्यांना आणि निवृत्तांनाही, देव उदंड आयुष्य देवो. पण अंत्यविधीची तयारी माणूस गेल्यावर सुरू केली तर ती रात्रीतून, फोनवरून आणि रडत होते, आणि मग चुका होतात. त्या चुकांची किंमत मोजतो तो रांगेत सर्वांत शेवटी उभा असलेला माणूस.

आम्ही या जिल्ह्यातल्या कॅथॉलिक कुटुंबांसाठी शवपेटी, शीतपेटी, कबर, मंडप, रांगा आणि गायकवृंद यांची व्यवस्था पाहणारे लोक आहोत. आमच्या माणसांना बिशप हे मोठे पदाधिकारी वाटत नाहीत. दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या दिवशी ज्या हाताने आपल्या कपाळाला पवित्र तेल लावले, तो हात एकदा शेवटचा पाहावा, एवढीच त्यांची इच्छा असते. आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातली म्हातारी माणसे त्यासाठी एसटीने येतात. त्यांना मोबाइलकडे बोट दाखवणे बरोबर नाही.

आधी भूगोल, कारण बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात. कोल्हापूर जिल्हा २००५ पासून पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात नाही. त्या वर्षी सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात आणि कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च, सावंतवाडीला आहे. चर्चच्या कायद्यानुसार धर्मप्रांताच्या बिशपांचा अंत्यविधी त्यांच्या कॅथेड्रलमध्ये होतो, त्यांनी स्वतः दुसरे चर्च निवडले असेल तरच बदल. एरवी चर्चच्या आत दफन करायला मनाई आहे, पण बिशपांना आणि निवृत्त बिशपांना स्वतःच्या चर्चमध्ये दफन करता येते. म्हणजे मुख्य मिस्सा (वेदीवरचा उपासनाविधी) आणि दफन सावंतवाडीला. कोल्हापूरच्या वाट्याला येतो तो फक्त थांबा. मात्र गंभीर आजारी माणसाला उपचारासाठी आणले जाते ते बहुधा कोल्हापूरला, नाहीतर गोव्यात बांबोळीला. त्यामुळे आपल्या शहरातल्या रुग्णालयातून ही अंत्ययात्रा निघण्याची शक्यता नेहमीच राहते. त्या दिवशी कोल्हापूर हे वाटेवरचे गाव नसते, सुरुवातीचे गाव असते.

आता त्या अर्ध्या तासाचा हिशेब करू. माणूस न थांबता, सावकाश चालत शवपेटीजवळून गेला तर त्याला चार सेकंद लागतात. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे. पेटीच्या दोन्ही बाजूंनी रांग सोडली तर तासाला अठराशे. पण माणसे थांबतात. क्रुसाची खूण करतात, काचेला हात लावतात, लेकराला उचलून दाखवतात. दहा सेकंद सहज जातात. मग दोन्ही रांगा मिळून तासाला सातशे वीस. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासात तीनशे साठ माणसे. त्यातली वीस मिनिटे मान्यवरांनी घेतली की उरतात एकशे वीस. एका मध्यम धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) रविवारच्या मिस्सेलाही याहून जास्त लोक असतात.

मान्यवरांना येऊ देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनाही दुःख असते आणि त्यांचे येणे समाजाला धीर देते. आमचा आक्षेप रांग थांबवण्याला आहे. दोन्ही रांगा चालू असताना दहा मिनिटे सगळे थांबवले की, न थांबता चालणाऱ्या हिशेबाने, तीनशे माणसे मागे साचतात. माणशी अर्धा मीटर धरला तर ती दीडशे मीटरची ओळ होते. हे दिवसभरात सहा वेळा झाले की ओळ जवळपास एक किलोमीटर वाढते, आणि चौकात वाहतूक अडली म्हणून पोलीस शेपूट तोडतात. लोक जास्त आले म्हणून शेपूट तुटत नाही. पुढे कोणीतरी रांग थांबवलेली असते म्हणून तुटते.

उपाय अवघड नाही. मान्यवरांसाठी रांग सुरू होण्याआधीचा अर्धा तास आणि संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवा आणि आदल्या दिवशीच कळवा. त्या वेळेबाहेर कोणी आले तर त्यांना बाजूच्या दाराने आणून पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला उभे करा. दोन्ही बाजूंच्या रांगा चालूच राहू द्या. सुरक्षारक्षकांचे कडे माणसाभोवती असावे, पेटीभोवती नको.

रांग कशी चालवायची हे कोल्हापूरला कोणी शिकवायला नको. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर या जिल्ह्याने लाखोंची गर्दी सांभाळली आहे. अंबाबाईच्या देवळात मुखदर्शनाची वेगळी सोय असते: दुरून दर्शन, पण न थांबता. तेच इथे करा. एक रांग पेटीजवळून जाणारी, आणि दुसरी पंधरा-वीस फुटांवरून, थोड्या उंच लाकडी मंचावरून पुढे सरकणारी. दूध घालायला घरी पोचायचे आहे, कामाची पाळी आहे, कडेवर लहान मूल आहे, अशी माणसे दुसरी रांग आनंदाने घेतात. दोन्ही रांगांचे तोंड आणि बाहेर पडायची वाट वेगळी ठेवा. चेंगराचेंगरी बहुतेक वेळा दोन कारणांनी होते: येणारे आणि जाणारे एकाच दारात समोरासमोर येतात, किंवा रुंद वाट एकदम अरुंद होते. म्हणून बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा रुंद हवी. नेमके उलटे केले जाते.

वेळेविषयी. सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ कार्यालयांना सोयीची आहे, लोकांना नाही. आपल्या खेड्यांत सकाळ-संध्याकाळ धार काढायची असते आणि डेअरीचे काटे ठरलेल्या वेळी बंद होतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या चालतात. आमच्या समाजातल्या कितीतरी मुली परिचारिका आहेत आणि त्यांची रात्रपाळी सकाळी सुटते. म्हणून आमची पहिली मागणी अशी: कोल्हापुरातले अंत्यदर्शन दुपारी दोनला सुरू व्हावे, रात्रभर चालावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला संपावे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. त्या वेळात कर्णे बंद ठेवून जपमाळ आणि स्तोत्रे म्हटली जातील. मृतदेहाजवळ जागून प्रार्थना करणे चर्चच्या विधीतच सांगितले आहे. त्यासाठी वेगळी परवानगी मागायला लागू नये, बंदोबस्तातले चार पोलीस रात्री तिथे असावेत एवढेच.

आता देहाच्या तयारीविषयी थोडे सविस्तर. इथे चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर कारणाचा दाखला नमुना ४ मध्ये मिळतो आणि घरी किंवा धर्मगुरू निवासात झाला असेल तर नमुना ४-अ मध्ये. नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच करायची असते, दफन सावंतवाडीला असले तरीही. नोंदीला २१ दिवसांची मुदत आहे, पण वाहतुकीला आणि दफनाला कागद त्याच दिवशी लागतात. शवलेपन (देह टिकावा म्हणून त्यात औषध भरणे) लवकर, पहिल्या काही तासांतच करून घ्यावे. ते कुठल्याही दवाखान्यात होत नाही. सोय वैद्यकीय महाविद्यालयाकडे असते, आणि शवलेपनाचा दाखला वेगळा मागून घ्यावा लागतो. विमानाने देह आणायचा किंवा न्यायचा झाला तर त्या दाखल्यावाचून तो स्वीकारत नाहीत.

शवलेपन उरकायला घाई का हवी, याला धार्मिक कारणही आहे. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, पुण्य शुक्रवारी, पवित्र शनिवारी आणि ईस्टरच्या दिवशी मृतांसाठीची मिस्सा करता येत नाही. आगमनकाळातले (नाताळाआधीचे), उपवासकाळातले (ईस्टरआधीचे) आणि ईस्टरकाळातले रविवारही वर्ज्य आहेत. पवित्र बुधवारी मृत्यू झाला तर मिस्सा सोमवारीच. म्हणजे देह पाच दिवस ठेवायचा. प्रशासनाने ‘उद्या का नाही’ असा तगादा लावण्याआधी पंचांगाशेजारी चर्चची दिनदर्शिकाही पाहावी.

भाड्याने मिळणारी शीतपेटी आतून साधारण साडेसहा फूट असते. बिशपांना डोक्यावर मायटर, म्हणजे बिशपांचा उंच टोप, घालून ठेवायचे असते, आणि ते डोक्याच्या पुढे आठ-दहा इंच जाते. उंच माणूस असेल तर पेटी पुरत नाही. मग ऐन वेळी कोणीतरी मायटर दाबतो, तिरके करतो, नाहीतर काढून छातीवर ठेवतो. हे होऊ नये म्हणून उंची आधी मोजा, लागली तर मोठी पेटी सांगली-बेळगावहून मागवा. पेटी आणल्याआणल्या सुरू करू नका. वाहतुकीत ती कलंडलेली असते, काही वेळ सरळ उभी ठेवून मग वीज द्या. देह ठेवण्याआधी तास-दोन तास गार होऊ द्या. तापमान दोन ते चार अंशांवर ठेवा. शून्याखाली नेले तर चेहरा बिघडतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी ओली असते की काचेवर बाहेरून बाष्प धरते आणि चेहरा दिसत नाही. झाकण उघडून आतून पुसायला गेलात तर ओलसर हवा आत शिरते आणि दुप्पट बाष्प धरते. झाकण उघडायचेच नाही. दोन स्वयंसेवकांनी कोरड्या सुती फडक्याने बाहेरची काच पुसत राहायचे.

शीतपेटीची वीज मंडपाच्या विजेपासून वेगळी हवी. दिवे, कर्णे आणि पंखे यांच्याच ओळीवर पेटी जोडली तर भार वाढून खटका पडतो, आणि लोक आधी कर्णे का बंद पडले ते बघायला धावतात, पेटी कोणाच्या लक्षात येत नाही. स्वतंत्र जोडणी, स्वतंत्र जनरेटर आणि तिथे बसलेला एक वीजतंत्री ही आमची दुसरी मागणी. ती पावसाळ्यात तर अजिबात सोडू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की कोल्हापुरात वीज किती वेळ जाऊ शकते ते २०१९ आणि २०२१ साली सगळ्यांनी पाहिले आहे.

पोशाख जांभळा असतो. आतला पांढरा झगा, स्टोला (गळ्यातला लांब पट्टा), वर मिस्सेचा जांभळा झगा, छातीवर क्रूस, बोटात अंगठी, डोक्यावर मायटर. मेंढपाळदंड, म्हणजे बिशपांची काठी, मात्र ठेवायचा नाही. विधिग्रंथात तसे स्पष्ट आहे. तरीही फोटोत चांगला दिसतो म्हणून कोणीतरी दंड हाताशी ठेवायला सांगतेच. कृपया सांगू नका. हा सगळा पोशाख एका पिशवीत, यादीसह, धर्मप्रांताच्या कार्यालयात तयार असावा. रात्री दोनला कपाटाची किल्ली शोधणे टळेल.

चर्चमध्ये पेटी ठेवण्याची दिशाही ठरलेली आहे. सामान्य ख्रिस्ती माणसाचे पाय वेदीकडे असतात, कारण तो मिस्सेत वेदीकडे तोंड करून बसे. धर्मगुरू आणि बिशप लोकांकडे तोंड करून उभे राहत, म्हणून त्यांचे डोके वेदीकडे आणि पाय लोकांकडे. मंडपवाल्याला हे माहीत नसते आणि तो नेहमीच्या सवयीने पेटी ठेवतो. नंतर मुख्य धर्मगुरू फिरवायला सांगतात, आणि भरल्या चर्चमध्ये आठ माणसे जड पेटी गोल फिरवत असतात. फरशीवर आधीच खडूने खूण करून ठेवा.

याच्याशीच जोडलेला एक नाजूक मुद्दा आहे शासकीय इतमामाचा. तो द्यायचा की नाही हा शासनाचा निर्णय. दिला तर आम्हाला अभिमानच वाटेल. पण ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पेटीवर घालताना केशरी पट्टा डोक्याकडे येतो, आणि ध्वज कबरीत उतरवता येत नाही. बिशपांचे डोके वेदीकडे असल्याने केशरी पट्टाही वेदीकडे येईल. मानवंदना देणाऱ्या पथकाला हे आधी सांगितले नाही तर ते ध्वज उलटा घालतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. आमची विनंती अशी की मानवंदना चर्चच्या बाहेर, मिस्सेच्या आधी व्हावी, ध्वज सन्मानाने घडी करून घ्यावा, आणि मग पेटी आत यावी. आत पेटीवर फक्त शुभवर्तमानाचा ग्रंथ आणि क्रूस, शेजारी पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती.

पुष्पचक्रे पेटीवर रचू नका. काचेवर चार ठेवली की चेहरा झाकतो आणि रांगेतली माणसे फुले बघून परत जातात. बाजूला जाळीची चौकट उभी करा, सगळी चक्रे तिथे टांगा. संध्याकाळी ती निर्माल्यासारखी गोळा करून खतासाठी द्या. पंचगंगेत एकही फूल जाऊ नये.

भाषणे मिस्सेत नकोत. मिस्सेच्या नियमात प्रवचन थोडक्यात असावे आणि ते गुणगान नसावे असे स्पष्ट आहे. कम्युनियननंतर (पवित्र भाकर वाटून झाल्यावर), अखेरच्या निरोपाच्या विधीआधी एका माणसाला चार शब्द बोलता येतात. एकाला. दहा जणांनी पाच-पाच मिनिटे बोलायचे म्हटले तर पन्नास मिनिटे जातात, आणि उन्हात उभ्या माणसांना भोवळ येते. शोकसभा वेगळी घ्या, तीन दिवसांनी, दसरा चौकात घ्या. ज्या चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि त्यांच्याच काळात १९१५ साली इंडियन ख्रिश्चन हॉस्टेलही सुरू झाले, तिथे सर्व धर्मांच्या माणसांनी मोकळेपणाने बोलावे. आम्ही खुर्च्या लावायला येऊ.

भाषेबद्दल चर्च समित्यांना सांगायचे आहे. १९६३ पासून लोकभाषेत उपासना करायला चर्चनेच वाट मोकळी केली आहे. तरीही अशा दिवशी पुस्तिका इंग्रजीत छापली जाते, कारण पाहुणे बिशप बाहेरून येतात. पाहुण्यांना इंग्रजी प्रत द्या. पण आज्ऱ्याच्या आजीच्या हातात मराठी पान असू द्या, आणि कोकणी गीतेही असू द्यात, तिच्या घरी तीच बोलतात. कम्युनियनच्या आधी मराठीत दोन वाक्यांची सूचना हवी. कोल्हापुरात प्रोटेस्टंट मिशन १८५२ पासून आहे, इतर धर्मांचे मित्रही येतात, आणि ते आदराने रांगेत उभे राहतात. ‘जे कॅथॉलिक नाहीत त्यांनी हात छातीशी जोडून यावे, त्यांना आशीर्वाद मिळेल,’ एवढे सांगितले की कोणाचाही अवमान होत नाही. तीन हजार लोक असतील तर कम्युनियन देणारे वीस जण लागतात. मिनिटाला दहा या वेगाने पंधरा मिनिटांत वाटप होते. प्रत्येकाबरोबर पांढरी-पिवळी छत्री धरलेला एक मुलगा ठेवा, म्हणजे लांबूनही जागा दिसते.

आता वाहतूक. सकाळी आठला कोल्हापुरातून निघाले तर घाट, पाऊस आणि थांबे धरून सावंतवाडीला दुपारी बारा-साडेबारा होतात. नेहमीचा रस्ता कागल-निपाणी-आजरा-आंबोली. इथे एक गोष्ट कागदावर कधीच नसते: निपाणी कर्नाटकात आहे. कोल्हापूर पोलिसांची पुढची गाडी सीमेपर्यंतच, पुढे बेळगाव जिल्ह्याच्या पोलिसांना आधी कळवावे लागते, आणि उत्तूर-आज्ऱ्याकडे वळल्यावर पुन्हा आपले पोलीस. तिन्ही ठिकाणच्या माणसांची नावे आणि क्रमांक एका कागदावर नसतील तर शववाहिका महामार्गावर ट्रकांच्या मागे अडकते. पावसाळ्यात आंबोलीला दरड कोसळली तर राधानगरी-फोंडा घाट-कणकवली आणि तिथून महामार्ग ६६ हा पर्याय आहे. सगळा महाराष्ट्रातला, पण लांबचा. कोणता रस्ता हे आदल्या संध्याकाळी ठरवा आणि ज्या गावांत लोक रस्त्यावर थांबणार आहेत तिथे कळवा. रस्ता बदलला आणि आज्ऱ्याला कळवलेच नाही, असे होऊ देऊ नका.

आज्ऱ्याला पाऊण तासाचा थांबा हवाच. चंदगड-गडहिंग्लजचे लोक तिथवर येऊ शकतात. पेटी उतरवायची नाही. शववाहिका अशी उभी करायची की मागचे दार उघडे राहील, आणि लोक एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातील. इथे मुखदर्शनाच्याच वेगाने चालायचे. पाऊण तासात एका रांगेतून पावणेसातशे माणसे होतात. त्यासाठी एसटीच्या जादा गाड्या सोडाव्यात ही आमची तिसरी मागणी.

दफनाची तयारी आमच्या हातात नसली तरी पेटीचे माप आमच्याकडून जाते, म्हणून लिहितो. बिशपांची शवपेटी नेहमीपेक्षा मोठी असते, आणि कड्या बाहेर आलेल्या असतात. कबर पेटीच्या मापाची खोदली आणि कड्या धरल्या नाहीत तर पेटी मध्येच अडकते. हजारो डोळ्यांसमोर. कड्यांसह माप घ्या आणि चहूबाजूंनी सहा इंच जागा सोडा. कोकणातला जांभा दगड पाणी झिरपू देतो. पावसाळ्यात खोदलेली कबर रात्रीतून भरते. आतून विटा-सिमेंटचे अस्तर हवे, उपसायला पंप हवा, आणि वरची फरशी चार-सहा तुकड्यांत आधी ओतून सुकवलेली हवी. ओल्या सिमेंटवर घाईने झाकण बसवले तर ते बसते, पण राहत नाही. पेटी उतरवायला तीन रुंद पट्टे आणि सारख्या उंचीची आठ माणसे. आदल्या दिवशी रिकाम्या पेटीवर एकदा सराव.

शेवटची गोष्ट प्रशासनाला सहसा माहीत नसते. पोलिसांच्या वहीत बहुधा धर्मप्रांताच्या व्हिकर जनरलचा, म्हणजे कारभारात बिशपांच्या हाताखालच्या मुख्य धर्मगुरूंचा क्रमांक असतो. पण पदावर असलेल्या बिशपांचा मृत्यू झाला की व्हिकर जनरलचे पद त्याच क्षणी संपते. सहायक बिशप नसतील तर कारभार सल्लागार मंडळाकडे जातो आणि त्याने आठ दिवसांत प्रशासक निवडायचा असतो. म्हणजे तुम्ही ज्यांना फोन करता त्यांना ‘हो’ म्हणण्याचा अधिकार उरलेला नसतो, आणि ते नम्रपणे ‘विचारून सांगतो’ म्हणतात. त्यात अर्धा दिवस जातो. सल्लागार मंडळातल्या दोघांची नावे, एक कोल्हापूर भागातला आणि एक सावंतवाडीचा, आधीच लेखी देऊन ठेवावीत. मुख्य मिस्सेसाठी गोव्याहून आर्चबिशप येण्याची शक्यता असते, कारण हा धर्मप्रांत गोवा प्रांतात मोडतो. त्यांच्या येण्याची वेळ कळल्याशिवाय मिस्सेची वेळ जाहीर करू नये.

मागण्या वर ठिकठिकाणी सांगितल्या आहेत. त्यांत एक चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: हे सगळे एका लेखी आराखड्यात यावे. चार पानांचा पुरे. रांगेचा नकाशा, विजेची जोडणी, दोन्ही रस्ते, माणसांची यादी. पावसाळा सुरू होण्याआधी तो तयार व्हावा, दरवर्षी मे महिन्यात तपासला जावा, आणि चर्चच्या दारावर लागावा. किती वाजेपर्यंत रांगेत उभे राहिलेल्या प्रत्येक माणसाला दर्शन मिळेल, ती वेळ त्यात ठळक अक्षरांत असावी. त्या वेळेपर्यंत रांगेत आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. कोणीही सांगितले तरी.

पहिली बैठक कधी ठेवता ते कळवा. आम्ही शीतपेटीची, शवपेटीची आणि दोन्ही दारांची मापे घेऊन येतो.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहणारे कॅथॉलिक स्वयंसेवक